कोयना-चांदोलीच्या ढगातल्या जंगलात जाताना

सातारा शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे माण-खटावात जेमतेम पाचशे, आणि पश्चिमेला महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडून सह्याद्रीला भिडतो, थोडक्या अंतरात हजारेक मीटर वर चढतो, थंड होतो आणि त्याचा ढग होतो. पावसाळ्याचे चार महिने हा ढग माथ्यावरच्या झाडांमधूनच वाहत असतो. पाऊस थांबलेला असला तरी पानांवरून, फांद्यांवरून, शेवाळावरून थेंब गळतच राहतात.

दक्षिण अमेरिकेतल्या किंवा कोस्टा रिकातल्या ढगांच्या जंगलांत ही ओल जवळजवळ वर्षभर टिकते. आपल्याकडे चार महिने ढग आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. म्हणून इथली झाडं बुटकी, घट्ट, एकमेकांत गुंतलेली आणि जाड चकचकीत पानांची. अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचं राज्य, सोबतीला हिरडा, कुंभा, फणस, आंबा आणि खाली कारवीची झुडपं. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. त्याला दक्षिणेकडे लागून चांदोली, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, ३१७.६७ चौरस किलोमीटर. ते सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलं आहे. २०१० पासून ही दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाली आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत दोघांचीही नावं आली.

व्याघ्र प्रकल्प हे नाव ऐकून वाघ बघायला येऊ नका. वाघ आहेत, पण अगदी मोजके, आणि या गच्च झाडीत दहा फुटांवरचा गवासुद्धा दिसत नाही. हे जंगल बघायचं ते पाण्याचं काम बघण्यासाठी. कधी जायचं, बोट कुठे लागेल, पायात काय घालायचं, जळवा किती असतील, कॅमेऱ्याचं काय होईल, सगळं शेवटी पाण्यावरच ठरतं. पुढचं सगळं त्याच अंगाने वाचा.

कुठल्या महिन्यात

साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर दोन्ही जंगलांचा आतला भाग पर्यटकांना बंद असतो. पाऊस लांबला तर उघडायची तारीखही लांबते, म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा. हा नियम उगाच नाही. त्या काळात ओढे तासाभरात कमरेएवढे चढतात, वाटा वाहून जातात आणि आत कुणी अडकलं तर त्याला बाहेर काढायला माणसं पोचत नाहीत.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा आमच्या मते सगळ्यात चांगला काळ. ओढे वाहते असतात, शेवाळ आणि नेचे अजून हिरवे असतात आणि पहाटे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर दाट धुकं भरतं. ते नऊ-दहा वाजेपर्यंत विरतं. मात्र गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं आणि ओलसर वाटांवर जळवाही असतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा निवडलात तर जळवा बऱ्याच कमी झालेल्या असतात आणि पाणी मात्र टिकून असतं.

डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ आणि चालायला सुख, पण शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत, वासोट्याच्या बोटी जिथून सुटतात त्या बामणोलीला जत्रा लोटते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि पक्षी बघायचे असतील तर याहून सोपी युक्ती नाही: फुललेलं एक झाड शोधायचं आणि तासभर त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसायचं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण अंजनीला निळी-जांभळी फुलं येतात ती याच दिवसांत. ती फांदीच्या टोकाला न येता थेट फांद्यांच्या अंगावर झुपक्यांनी येतात, त्यामुळे अख्खी काठी निळी दिसते. मे संपता संपता दुपारनंतर कोकणातून पहिले ढग वर चढायला लागतात. ते दृश्य मोठं आहे, पण त्याच्यासोबत वळीव आणि विजाही येतात. त्या दिवसांत दुपारी दोननंतर उघड्या सड्यावर (खडकाळ पठारावर) किंवा कड्यावर थांबू नका.

ऐन पावसाळ्यातले ढगच बघायचे असतील तर आत जायचा हट्ट सोडा आणि बाहेरच्या रस्त्यांवर फिरा. सातारा-ठोसेघर-चाळकेवाडी, कोयनानगर-नवजा आणि ओझर्डे धबधबा, महाबळेश्वरच्या आसपासची झाडी, कुंभार्ली घाट. गाडी बाजूला लावून अर्धा तास एका झाडाखाली छत्री मिटून उभं राहिलात तर पाऊस आणि पानांवरून गळणारं ढगाचं पाणी यांतला फरक अंगावरच कळतो.

कोयना: बामणोलीहून वासोटा

कोयना अभयारण्यात चालत शिरायची सगळ्यात प्रसिद्ध वाट वासोटा किल्ल्याची. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण ३५ ते ४० किलोमीटर, घाटरस्ता, दीड तास धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासच्या फुलांच्या हंगामात याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा. एसटी जाते, पण सकाळची गाडी पकडून त्याच दिवशी वासोटा करून परत येणं वेळेत बसत नाही. एसटीनेच जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी बामणोलीत मुक्काम करा. राहण्या-जेवणाची सोय गावात होते. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं.

बामणोलीत दोन कामं: वनविभागाचा परवाना आणि बोट. परवान्यासाठी गटातल्या सगळ्यांची नावं, वय, गाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद घरूनच तयार करून न्या, सोबत प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि मूळ प्रत. खिडकीपुढे उभं राहून पंधरा जणांची नावं लिहीत बसलं की अर्धा तास तिथेच जातो, आणि हा अर्धा तास संध्याकाळी फार महाग पडतो. पैसे रोख ठेवा. नेटवर्क असेलच असं धरून चालू नका. बोट बामणोलीहून, तशीच शेंबडी आणि मुनावळे इथूनही मिळते. ती माणशी मिळत नाही, अख्खी ठरवावी लागते. दोघं-तिघंच असाल तर सकाळी लवकर पोचून दुसऱ्या एखाद्या छोट्या गटात सामील होण्याची विनंती करा. बहुतेक वेळा जमतं. बोट ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: बोट किती वाजेपर्यंत थांबणार, नागेश्वरला (वासोट्याजवळचं गुहेतलं महादेवाचं ठिकाण) जायचं असेल तर वेळ आणि पैसे किती वाढतील, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का. जॅकेट नुसतं मांडीवर न ठेवता अंगात घालून बांधा. शिवसागर खोल आहे आणि दुपारनंतर वाऱ्याने लाटा उठतात.

बोटीने दीड तासाच्या आसपास लागतो. पाण्याखाली जुनी गावं आहेत. १९६०च्या दशकात कोयना धरणात ती बुडाली आणि तिथली माणसं दूरदूर पांगली. काठावरची जुनी देवळं अजूनही त्या लोकांची आहेत, वर्षातून एकदा ते दर्शनाला येतात. तिथे चपला काढा, पायऱ्यांवर बसून डबे उघडू नका.

बोट लागायची जागा महिन्यागणिक बदलते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असताना बोट थेट झाडीच्या जवळ लागते. जानेवारीनंतर पाणी उतरत जातं आणि काठ उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये तर बोटीतून उतरल्यावर भेगाळलेल्या, कुठे मऊ तर कुठे टणक गाळावरून बिनसावलीचं चालावं लागतं. जाताना ते सकाळच्या गारव्यात निभतं, परतताना दुपारच्या उन्हात जीव काढतं. उन्हाळ्यात जात असाल तर वेळेच्या हिशोबात दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस मिनिटं वाढवा आणि टोपी विसरू नका. गाळात पाऊल टाकण्याआधी काठीने दाबून बघा. वरून सुकलेला गाळ आतून घोट्यापर्यंत ओला असतो.

पायथ्याला मेट इंदवलीचा परिसर. इथे वनरक्षक परवाना बघतात आणि जवळच्या प्लास्टिकची मोजदाद होते. बाटल्या, पाकिटं मोजून अनामत ठेवून घेतात आणि परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की अनामत परत मिळते. म्हणून घरीच पाकिटं फोडा आणि खाऊ कापडी पिशवीत किंवा स्टीलच्या डब्यात भरा. वेळ वाचतो आणि वाद होत नाहीत.

पूर्ण भरलेल्या शिवसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आणि वासोट्याची उंची ११७१ मीटर. म्हणजे पाचशे मीटरची उभी चढण, दोन ते अडीच तासांची. पहिला ओढा ओलांडला की झाडी इतकी दाट होते की दुपारी बारालाही संध्याकाळ वाटते. वाट मळलेली आहे, पण वर गेल्यावर नागेश्वरचा आणि वासोट्याचा फाटा फुटतो तिथे थांबून गटातले सगळे आलेत का बघा. गट तुटण्याची हीच जागा. पुढचे एका वाटेने आणि मागचे दुसऱ्या वाटेने गेले तर हाका मारूनही ऐकू येत नाही, कारण ही झाडी आवाज गिळते.

वेळेचं गणित असं धरा: साताऱ्यातून सहाला निघायचं, साडेसातला बामणोली, साडेआठ-नऊला बोट, सव्वादहाला पायथा, पाऊणच्या सुमारास माथा. दोन वाजता काहीही झालं तरी उतरायला लागायचं. साडेतीनला बोटीपाशी. आत मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळच्या आत पाण्याबाहेर पडावंच लागतं. एकाच दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायचं असेल तर गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग बघून ठरवा. पायथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्यातच तो कळतो.

माथ्यावर बाबू कड्यापाशी उभं राहिलं की खाली कोकण आणि समोर जुन्या वासोट्याचा डोंगर दिसतो. ढग कसा तयार होतो ते या जागेवरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. खालच्या खोऱ्यातून पांढरी वाफ कड्याला टेकत वर सरकते आणि काठावर आली की झाडांत शिरते. काठापासून दोन मीटर मागे रहा. कड्याच्या तोंडाशी माती सुटी आहे आणि गवताखाली काठ कुठे संपतो ते कळत नाही.

चांदोली: मणदूरहून गाडीने

लहान मुलं, गुडघ्याचा त्रास असलेले किंवा वडीलधारे सोबत असतील तर वासोट्यापेक्षा चांदोली बरं. सांगली-इस्लामपूरकडून शिराळा, कोकरूड, आरळा करत किंवा कराडकडून शेडगेवाडीमार्गे मणदूरला यायचं. परवाना मणदूरच्या वनकार्यालयात मिळतो. तिथून जाधववाडीच्या फाटकातून वाटाड्याला घेऊन गाडीने आत. राहायला वारणावती वसाहत जवळ पडते. आठवड्यातला बंदचा वार आणि आत सोडण्याची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. नाहीतर मणदूरपर्यंतचा सगळा प्रवास फुकट जातो. पेट्रोल-डिझेल शिराळ्यातच भरून घ्या.

आत जनीचा आंबा, झोळंबीचा सडा अशी ठरलेली थांब्याची ठिकाणं आहेत. तिथेच उतरायचं, मधे नाही. वाटेत एकदम मोकळी गवताळ जागा लागते, कडेला जुने आंबे-फणस असतात. ही उठलेल्या गावांची जुनी शेतं. माणसं गेली, बांध तसेच राहिले, शेतांची कुरणं झाली आणि आता गवे व सांबर तिथे चरायला येतात. गवा दिसण्याची सगळ्यात जास्त शक्यता सकाळी फाटक उघडल्यावरच्या पहिल्या तासात आणि उन्हं उतरल्यावर या कुरणांच्या काठावर. इंजीन बंद करून दहा मिनिटं थांबायला वाटाड्याला सांगा. बहुतेक पाहुणे गाडी पळवायला सांगतात, म्हणून त्यालाही घाईची सवय लागलेली असते.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मातीचा थर बोटभर. पाऊस संपता संपता आलात तर तिथे अजून पाणी साचलेलं असतं आणि त्यात किडे खाणाऱ्या इवल्या वनस्पती शेवटच्या फुलांवर असतात. गाडीवाटेवरूनच चाला. एका बुटाने दाबलेली ही माती पुन्हा उठायला पुढचा पावसाळा लागतो.

अंगावर काय, पिशवीत काय

जीन्स नको. ओली झाली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. सुती टी-शर्टही चढणीला घामाने भिजतो आणि परतीच्या बोटीत वाऱ्याने हुडहुडी भरवतो. पटकन वाळणारं कापड, पूर्ण बाह्या, पूर्ण विजार, रंग मातकट किंवा हिरवट. बोटीसाठी एक वारा अडवणारं जाकीट. पिशवीत एक कोरडा शर्ट आणि दोन जोड मोजे प्लास्टिकच्या एकाच जाड पिशवीत बांधून.

बूट खोल खाचांच्या रबरी तळव्याचे आणि वापरून मऊ झालेले. शेवाळलेल्या बेसॉल्टवर कुठलाच बूट शंभर टक्के धरत नाही, म्हणून पाय टाकायची पद्धत महत्त्वाची: ओल्या दगडाच्या कडेवर टाच न ठेवता दोन दगडांच्या मधल्या खाचेत पूर्ण तळवा टेकवायचा. काळसर चकाकणारा दगड सगळ्यात घसरडा, खडबडीत राखाडी दगड भरवशाचा. उतरताना सगळ्यात जास्त पडझड होते, आणि तीही शेवटच्या अर्ध्या तासात, कारण पाय दमलेले असतात आणि मन बोटीत पोचलेलं असतं.

माणशी अडीच ते तीन लिटर पाणी. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गवे-सांबर उतरलेले असतात. गाळणी किंवा गोळ्या असतील तरच प्या. खायला दशम्या, भाकरी-ठेचा, गूळ-शेंगदाणे, केळी. साली आणि बियाही परत आणायच्या. "कुजून जाईल" म्हणून टाकलेल्या सालींमुळे माकडांना वाटेवर बसायची सवय लागते.

दुर्बीण घ्यायची तर ८ × ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण ढगाळ, अंधाऱ्या झाडीत हात हलला की काहीच नीट दाखवत नाही. कॅमेरा एसीच्या गाडीतून थेट बाहेर काढला तर काचेवर दव धरतं. पिशवी बंद ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मग उघडा. पिशवीत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका, तो जप्त होतो.

जळवा, गोचीड, माश्या, साप

जळवांची भीती जास्त आणि अपाय कमी. ओल, सावली आणि पालापाचोळा जिथे असेल तिथे त्या असतात आणि पायांच्या हादऱ्याने, उबेने जाग्या होतात. रांगेत पहिला माणूस त्यांना जागं करतो आणि तिसऱ्या-चौथ्याला त्या चिकटतात, म्हणून मुलांना पुढे चालवा. विजारीचे पाय मोज्यांत खोचा, मोजे आणि बूट यांवर कोरडा धुण्याचा साबण घासा. मिठाची पुरचुंडी हाताशी ठेवा आणि बुटावर चढणाऱ्या जळूला तिने स्पर्श करा. मात्र जळू कातडीला लागलेली असेल तर मीठ, तंबाखू, चुना किंवा काडी लावू नका. तसं केलं की ती पोटातलं रक्त जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. नख कातडीला सपाट लावून आधी बारीक टोक, मग जाड टोक सरकवा, सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे रक्त बराच वेळ झिरपत राहतं. कापसाने दाबून पट्टी बांधा. इतकंच.

जानेवारीनंतर जळवा जातात आणि गोचीड येतात. गवतातून चाललात तर संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे, कमरेचा पट्टा लागतो ती जागा तपासा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, तेल लावून वाट बघू नका.

खरी काळजी करायची ती आग्या मोहोळाची. कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर ही पोळी असतात. अत्तर, वासाचा डिओ, धूर आणि कड्यावर जाऊन मारलेल्या आरोळ्या यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडू नका, तोंड कापडाने झाका आणि वाटेने जमेल तितकं लांब जा. झाडीतून जाणारी वाट असेल तर उत्तम. पाण्यात उडी मारून फायदा नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. डंख झाले तर काटे नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर एकही मिनिट न घालवता खाली उतरवा.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही इथे आहेत आणि ओढ्याकाठच्या झुडपांत चापडाही असतो. फांदी धरण्याआधी बघा, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी यांतलं काही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळकुटाने बांधून हलू देऊ नका, माणसाला उचलून बोटीपर्यंत आणा आणि १०८ ला फोन लागेल तिथून लावा. पायथ्यापासून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत बोट आणि रस्ता मिळून तीन तास जातात, म्हणून औषधाच्या नावाखाली इकडेतिकडे वेळ दवडणं परवडत नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस वर सांगितलेल्या चार सापांच्या विषावर आहे, चापड्याच्या नाही. हे डॉक्टरांना कळायला हवं, म्हणून शक्य असेल तर लांबून सापाचा फोटो घ्या. पकडायला जाऊ नका.

कारवीच्या अरुंद बोळांतून जाताना हळू आवाजात बोलत चाला. अस्वल समोरासमोर दचकलं तर अंगावर येतं. आधी चाहूल लागली की ते स्वतःच बाजूला होतं. गवा वाटेत उभा असेल तर थांबा आणि त्याला जायला वेळ द्या.

बघायचं कसं

एका जागी वीस मिनिटं बसा. ओढ्याकाठी, पाठ झाडाला टेकून. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही, कारण तुमच्या येण्याने सगळं गप्प झालेलं असतं. मग किडे सुरू होतात, नंतर पक्षी. वर फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोल घरटा दिसला तर तो शेकरूचा. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहेच असं नाही. कर्कश, तुटक, लांबलेला आवाज आला की मान वर करा: तांबूस पाठ आणि झुपकेदार लांब शेपटी. मोठ्याने खिंकाळल्यासारखं हसू ऐकू आलं तर मलबारी राखी धनेश, फळांनी लगडलेल्या उंबरावर शोधा. ओढ्याजवळ एखादं पोरगं सहज शीळ घालत जावं तसा सूर आला तर तो शीळकरी कस्तूर.

मग झाडांची खोडं बघा. शेवाळ, दगडफूल आणि नेचे पश्चिमेच्या अंगाला जाड आहेत का ते तपासा. ढग तिकडून येतो. खोडावर चिकटलेल्या आमरी (ऑर्किड) बघा: त्यांची मुळं हवेत लोंबतात, कोरडी असताना पांढरट आणि ओली झाली की हिरवी. झाडाचं त्या काही खात नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. पाणी त्यांना ढगातून आणि पावसातूनच मिळतं. एकही आमरी, एकही दगडफूल, गळून पडलेलं सांबरशिंगसुद्धा उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

परत आल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांच्या खाचांतली माती आणि मोज्यांना चिकटलेल्या कुसळांच्या बिया तिथेच झटका. रानमोडीसारखी उपरी झुडपं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात अशीच जातात. घरी आल्यावर सगळे कपडे गरम पाण्यात. बूट उन्हात न ठेवता सावलीत वर्तमानपत्र कोंबून वाळवा, नाहीतर तळवा सुटतो. दुर्बीण-कॅमेऱ्याची पिशवी उघडी ठेवून दोन दिवस पंख्याखाली. नाहीतर भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती पुढे निघत नाही.

आणि पुढचे दोन-तीन आठवडे कुणालाही ताप आला, डोकं फार दुखलं किंवा अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलात, गवतात फिरून आलोय. बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हा ताप वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं.